पत्रा, कागद आणि मग इंजिन

लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांनी गाडी घेण्याचा आग्रह धरला. नव्या फियाटची किंमत होती १२,००० रुपये आणि शास्त्रीजींच्या खात्यात होते सुमारे ७,०००. उरलेले ५,००० त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. ती फियाट आज दिल्लीत शास्त्रीजींच्या स्मारकात ठेवलेली आहे. याच जातीची गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घराघरांत पोचली. बेताच्या पैशांत जुनी, देखणी मोटार बाळगायची इच्छा असलेल्या माणसाने आज सर्वांत आधी विचार करावा तो तिचाच.

तिचा जन्म मुंबईतला, कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सुरुवातीला तिथे अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि ‘अकराशे’ फियाट कुर्ल्यात तयार होऊ लागली. गोलमटोल अंगाच्या आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणाऱ्या त्या पहिल्या गाड्यांना लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तेही प्रेमानेच. १९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डी आली. १९७२ मध्ये तिची ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली आणि त्याच नावाने ती शतक संपेपर्यंत बनत राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, जेमतेम ४० अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा. शेवटच्या काळातल्या एस-वन वगैरे गाड्यांत गिअर खाली आले, काही गाड्यांना डिझेल इंजिन बसले; पण मूळ आराखडा फारसा हलला नाही.

त्या काळी ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या जिवावर येत असे. परवाना पद्धतीमुळे गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि हाती यायची ती आधीच्या पिढीची मोटार. आज मात्र तोच हट्टी जुनेपणा खरेदीदाराच्या पथ्यावर पडतो. तीन दशकांहून अधिक काळ जवळपास एकच इंजिन, एकच पुढचा सांगाडा आणि त्याच जातीचे ब्रेक. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने तर या भागांची अखंड मागणी ठेवली. त्यामुळे वॉटर पंप, क्लच प्लेट, किंगपिन, ब्रेकचे रबर हे सारे बनवणारे छोटे कारखानदार टिकले आणि डोळे मिटून कार्बोरेटर उघडणारे मिस्त्रीही टिकले.

स्वस्त जुनी गाडी निवडण्याचा नियम यातच दडला आहे. जी गाडी आपल्या काळात सामान्य माणसासाठी, लाखांच्या संख्येने बनली, तीच आज सामान्य माणसाला परवडते. उलट उदाहरण पुण्याचे आहे. १९९५ पासून मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ पुण्यात टेल्कोच्या आवारात जुळवली जाऊ लागली. अतिशय दणकट गाडी. तिचा थकलेला, उन्हात उभा असलेला नमुना आजही एखाद्या नव्या छोट्या मोटारीपेक्षा कमी पैशांत मिळून जातो आणि नवखा माणूस भुलतो. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या भागांची किंमत उतरत नाही. एका दुरुस्तीचे बिल गाडीच्या किमतीला येऊन टेकते, आणि मग ती गाडी पुन्हा उन्हात उभी राहते.

पद्मिनीखेरीज आणखी काही नावे विचारात घेण्यासारखी आहेत. उत्तरपाड्याची अँबेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, म्हणून तिचे भाग मिळवणे अजून सोपे आहे. जागा ऐसपैस, मात्र पेट्रोल आणि पार्किंग दोन्ही जास्त लागते. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड दिसायला या सगळ्यांत नाजूक आणि सुंदर. इटालियन आरेखक मिकेलोत्तींचा हात तिच्यावर फिरलेला आहे. पण तिच्या काचा आणि दिवे शोधताना दमछाक होते. कॉन्टेसाचे चाहते वाढले, तशी तिची किंमतही वाढली. आणि ज्याच्याकडे खरोखरच थोडे पैसे आहेत त्याने डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० कडे पाहावे. १९८६ पर्यंतच्या त्या एसएस-८० गाड्या चाळिशीच्या आसपास पोचल्या आहेत. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा ऐतिहासिक वाहनासाठी ३० वर्षांचे वय धरते, त्या हिशेबाने मारुती कधीच त्या पंगतीला बसली. लोकांना ती अजून ‘जुनी गाडी’ वाटत नाही, एवढ्याच कारणाने ती स्वस्त आहे.

आता पैशांचा हिशेब. खिशात जेवढी रक्कम आहे तेवढ्याची गाडी घेणारा माणूस पहिल्याच पावसाळ्यात अडकतो. निम्मे पैसे गाडीला द्यावेत आणि निम्मे बाजूला राखावेत, हे सूत्र कडक वाटले तरी पाळण्यासारखे आहे. विकणारा ‘काहीच काम नाही’ म्हणाला, तरी टायर, बॅटरी, ब्रेकचे सगळे रबर, रेडिएटरच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या आणि सर्व तेले बदलावी लागणारच. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नव्यासारखी असली तरी दहा वर्षांपूर्वीचे टायर लाकडासारखे कडक झालेले असतात आणि ते किमतीतून वजा करायचे असतात.

गाडी पाहायला गेलेला माणूस बहुधा बॉनेट उघडायला सांगतो. त्याने आधी जमिनीवर बसावे. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी होते आणि सगळा भार तीच पेलते. तळ गंजला म्हणजे गाडीची ताकदच गेली. (हेराल्डचे तसे नाही, तिला स्वतंत्र चासी आहे आणि बॉडीचे तुकडे नट खोलून सुटे होतात.) म्हणून आतले मॅट उचलून पायांखालचा पत्रा पाहायचा. दाराखालचे लांबट डबे, म्हणजे सिल, बोटांनी चाचपायचे. बॅटरीच्या खालची थाळी, डिकीतला स्टेपनीचा खळगा, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याची जागा, दारांची खालची किनार: पाणी जिथे साचते तिथे तिथे नजर गेली पाहिजे. कोकणपट्टीतली गाडी असेल तर खारी हवा, मुंबईची असेल तर साचलेले पाणी. देशावरच्या कोरड्या हवेत, सोलापूर-नगरकडे छपराखाली उभी राहिलेली गाडी म्हणूनच थोडी महाग असली तरी घ्यावी.

दारावर पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले की पत्र्यावर ते चिकटते आणि लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी घसरते. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, त्याचे वावडे नको. सिलमध्ये किंवा चाकाच्या कमानीत हातभर लांबी सापडली तर मात्र नमस्कार करून परतावे. नुकताच रंग मारलेली, चकाकणारी आणि ‘शोरूम कंडिशन’ म्हणून दाखवली जाणारी गाडी ही बेताच्या पैशांतल्या माणसासाठी सर्वांत धोक्याची. कारण रंगाखाली काय आहे हे कळायला एक पावसाळा जावा लागतो. त्यापेक्षा उडालेल्या मूळ रंगाची, मळकी, पण कोरड्या तळाची गाडी शतपटीने बरी. डेंटरचे काम मजुरीचे असते, ते किती चालेल याचा अंदाज डेंटरलाही नसतो; एक ठिगळ लावायला पत्रा कापला की शेजारचा सडका तुकडा उघडा पडतो. जुन्या गाड्यांचे जे प्रकल्प अर्धवट राहून गॅरेजच्या मागे कुजतात, ते बहुतेक पत्राकामात अडकलेले असतात.

पद्मिनीच्या बाबतीत आणखी एक तपास करायचा असतो: ही गाडी पूर्वी टॅक्सी होती का? टॅक्सी असणे हा काही गुन्हा नव्हे, आणि ज्याला तीच काळीपिवळी हवी आहे त्याला तर ते भूषण. पण किंमत खासगी गाडीची मागितली जात असेल तर खुणा वाचता आल्या पाहिजेत. बॉनेटच्या कडेच्या रंगाखाली काळा रंग, डाव्या बाजूला बाहेर मीटर बसवलेल्या जागी बुजवलेली भोके, छपराच्या पन्हाळीवर कॅरिअरचे ओरखडे, डिकीत सीएनजीच्या टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा आणि तिच्या वजनाने बसलेले मागचे पाटे. अशा गाडीची नोंद टॅक्सीतून खासगीत रीतसर बदलली आहे का, हे कागदावर दिसले पाहिजे.

इंजिनाला एवढे घाबरायचे कारण नाही. सकाळी, इंजिन थंड असताना जायचे आणि आधीच सांगून ठेवायचे की गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवला आणि तो गरम लागला, तर विकणाऱ्याला काहीतरी झाकायचे आहे असे समजावे. थंड गाडी चोक ओढून सुरू झाली, मिनिटभर थरथरली आणि मग शांत झाली की निम्मी परीक्षा झाली. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेले आहेत. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय लागली असेल तर हेड गॅस्केट फुटलेले आहे. ही सगळी दुखणी खर्चाची, पण मोजता येणाऱ्या खर्चाची. इंजिन उतरवणे, लेथवाल्याकडून बोअर करून घेणे, नवे पिस्टन-रिंगा बसवणे यांचा आकडा मिस्त्री आधी सांगू शकतो, आणि पद्मिनीचे इंजिन इतके साधे आहे की तो आकडा बहुधा खरा ठरतो.

चालवताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाऊ लागले तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. स्टिअरिंग सैल असून गाडी भरकटत असेल तर किंगपिन झिजले आहेत. ग्रीस न करता गाडी पळवल्याची ती खूण. गिअरचा दांडा ढिला लागणे किरकोळ, त्याचे बुश बदलता येतात, पण चढावर दुसरा गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. आणि गाडी किमान अर्धा तास चालवलीच पाहिजे. एके काळी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून थंड होत उभ्या असलेल्या फियाट आणि डिकीत पाण्याचा डबा हे नेहमीचे दृश्य होते. चांगल्या स्थितीतला रेडिएटर आणि पाण्याचा पंप असेल तर आजही ती घाट चढते. दहा मिनिटांच्या चक्करीत मात्र हे कळत नाही.

ज्याच्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत तो खर्च बारीकसारीक वस्तूंचा. दिव्यांच्या कडा, मागच्या दिव्यांची काच, दारांच्या मुठी, बॉनेटवरची पट्टी, मूळ स्टिअरिंग, घड्याळांचा संच. इंजिनाचा पिस्टन नवा मिळतो. १९६० च्या दशकातल्या फियाटच्या दिव्याची धड कडा मात्र महिनोन्‌महिने मिळत नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही या शोधाची तीर्थक्षेत्रे. तिथे वस्तू मिळते, पण मागेल ती किंमत देऊन. म्हणून दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचे इंजिन बंद पण सगळे दागिने जागेवर, आणि दुसरीचे इंजिन झकास पण दिवे-पट्ट्या बाजारू असतील, तर पहिली घ्यावी.

पत्र्याइतकाच कडक तपास कागदांचा. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, तीन मुले तीन गावांना, आणि विकायला आलेला नातू: महाराष्ट्रात जुन्या गाड्यांचे निम्मे सौदे अशाच घरांतून निघतात. गाडी प्रेमाने सांभाळलेली असते, पण मालकाच्या मृत्यूनंतर ती फॉर्म ३१ भरून आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते आणि इतर वारसांची संमती लागते. हे काम विकणाऱ्याने पुरे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नेहमीच्या विक्रीत फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातून आणायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कधीकाळी बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५. सह्या केलेले कोरे हस्तांतराचे (टीटी) फॉर्म हातात ठेवून तिसरा-चौथा माणूस गाडी विकतो, तेव्हा आरसी बुकातला मालक जिवंत आहे का आणि तो ही विक्री मान्य करतो का, हे प्रत्यक्ष विचारावे.

चासी नंबर गाडीवर ठोकलेला असतो; तो बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन नंबर जुळत नसेल तर इंजिन बदलल्याची नोंद हवी, कारण टॅक्सीच्या जगात इंजिने सर्रास अदलाबदल होत. आणखी एक अडचण खास जुन्या नंबरांची. १९८९ पूर्वी महाराष्ट्रातल्या गाड्यांना ‘एम’ने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर असत. यांतल्या पुष्कळ गाड्यांची नोंद परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेलीच नाही. ती चढवून घेतल्याशिवाय ना नाव बदलता येते, ना पासिंग होते. सौद्यापूर्वी नंबर ऑनलाइन तपासला की दोन मिनिटांत कळते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरपाटी बंधनकारक झाल्याने हा घोळ आता टाळताही येत नाही.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडीचे पासिंग संपलेले असेल तर हा सगळा खर्च, वर उशिराचा दंड, घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. दिल्ली परिसरातून स्वस्त गाडी आणण्याचा मोहही याच हिशेबात तपासावा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना रस्ता बंद केला, तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. एनओसी, इथला रस्ता कर आणि वाहतूक धरली की किमतीतला फरक बराच आटतो.

पन्नाशी ओलांडलेल्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली आहे. १९७४ ची पहिली पद्मिनी आता त्या वयात आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंतरच्या नूतनीकरणाला ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जायचे असेल, तर नेहमीचे पाच वर्षांचे पासिंगच सोयीचे. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने व्हिंटेजच्या बिरुदामागे लागू नये.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरावर वाईट परिणाम करते. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉल सोसणारी घालून घ्यावीत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल तसेच ठेवू नये.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. सुट्या भागांची मोठी मागणी तिच्याबरोबर गेली. या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हाताखालची मुले स्कॅनर लावून चालणाऱ्या गाड्यांकडे वळली आहेत. म्हणून गाडीच्या आधी मिस्त्री शोधावा. तो कार्बोरेटरची गाडी अजून हातात घेतो का, इंजिनाचे काम स्वतः करतो की बाहेर देतो, पत्र्यासाठी कुणाकडे पाठवतो, हे विचारून घ्यावे. मग त्याची दिवसाची मजुरी देऊन त्यालाच गाडी पाहायला सोबत न्यावे, आणि सौदा ठरला की क्लच प्लेट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, पॉइंट, ब्रेकचे रबर असे हमखास लागणारे भाग दोन-दोन घेऊन ठेवावेत.